जकात आणि जकात नाका

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला काही शब्द वर्गात हमखास अडवतात. ‘जकात’ हा त्यातला एक. उर्दूत जकात म्हणजे आपल्या मालमत्तेतून गरजूंसाठी दरवर्षी काढायचा ठरावीक हिस्सा. मराठीत जकात म्हणजे वेशीवर मालावर घेतला जाणारा कर. शब्द एकच, अरबीतून फारसीमार्गे आलेला. पण उर्दूत तो देणाऱ्याच्या हातात राहिला आणि मराठीत तो वाट अडवून उभ्या असलेल्याच्या हातात गेला. आमच्या बोईसर-तारापूर भागातल्या लोकांना हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. तोपर्यंत एमआयडीसीतून माल घेऊन मुंबईला जाणाऱ्या ट्रकना दहिसरच्या नाक्यावर थांबावंच लागायचं.

युद्धाने पोळलेल्या देशातल्या सामान्य माणसांना बाहेरून मदत पाठवण्याचा इतिहास हा या दोन अर्थांमधला इतिहास आहे. एका टोकाला देणारा असतो, दुसऱ्या टोकाला उपाशी माणूस, आणि मध्ये नाका. आपण चर्चा करतो ती बहुतेक वेळा देणाऱ्याची. कोणी किती दिले, का दिले, आपल्यांनाच दिले की परक्यांनाही दिले. नाक्याची चर्चा होत नाही. गेल्या काही वर्षांत गाझाच्या बातम्या पाहून ओळखीतले अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात, ‘सर, दिलं तर पोहोचतं का?’ इतिहास शिकवणं हा माझा विषय नाही, पण या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासातच सापडलं, तेही आपल्या मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या. म्हणून हा लेख.

आधी डॉक्टर गेले

मुंबई बंदरातून परदेशातल्या युद्धग्रस्तांसाठी मदत निघण्याची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानला निघालं. बाल्कन युद्ध चालू होतं. मौलाना मोहम्मद अली यांनी आपल्या ‘कॉम्रेड’ या पत्रातून आवाहन केलं होतं आणि देशभरातून वर्गणी जमली होती. पथकाने जखमी तुर्की सैनिकांसाठी इस्पितळं चालवली आणि १९१३ च्या जुलैमध्ये ते परतलं. हेच अन्सारी पुढे १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

दुसरं पथक मराठी वाचकाला अधिक ओळखीचं आहे. १ सप्टेंबर १९३८ ला पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून चीनकडे निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चीनकडून पंडित नेहरूंकडे मदतीची विनंती आली होती आणि सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना हे पथक पाठवण्यात आलं. कोटणीसांची पुढची गोष्ट आपल्याला माहीत असते. ते तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. पण या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. पथक १७ सप्टेंबर १९३८ ला ग्वांगझौ, म्हणजे त्या वेळच्या कँटन बंदरात उतरलं. २१ ऑक्टोबरला ते शहर जपानच्या हातात गेलं. पथकाला निघायला आणखी दीड महिना लागला असता, तर त्यांचं जहाज ज्या धक्क्याला लागलं तो धक्काच शत्रूकडे गेलेला असता. दार पाच आठवडेच उघडं राहिलं, आणि ते तेवढ्यात आत गेले.

या दोन्ही पथकांचं मुख्य काम जखमी सैनिकांसाठी होतं. त्या काळी युद्धातली मदत म्हणजे सैनिकाची मदत, असाच रिवाज होता आणि कायदाही तसाच होता. १८६४ चा पहिला जिनिव्हा करार रणांगणावरच्या जखमी सैनिकांबद्दल होता. घरातून हाकललेली बाई, रस्त्यावर आलेलं पोर, उपासमारीने मरणारा म्हातारा यांच्यापर्यंत अन्न पोहोचू द्या, असं बंधन घालणारा जागतिक कायदा दुसरं महायुद्ध संपेपर्यंत नव्हता. म्हणून मला तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती सैनिकांची नाही. ती आया, मुलं आणि ट्रक यांची आहे.

मुंबईहून अश्गाबादला

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशिया पूर्वेकडून आत शिरला. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेच्या जंगलांत नेलं. यात शेतकरी होते, शिक्षक होते, वनखात्याचे नोकर होते आणि त्यांची बायकामुलं होती. लाकूडतोड, थंडी, अपुरी भाकरी आणि रोगराई यांत असंख्य माणसं मेली.

मग २२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि सगळं गणित उलटलं. कालचा शत्रू आजचा दोस्त झाला. ३० जुलै १९४१ ला लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. ऑगस्टमध्ये ‘माफी’ जाहीर झाली. गुन्हा काय, हे कोणी विचारू नये. सुटलेली माणसं उबेच्या आशेने दक्षिणेकडे निघाली, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानकडे. तिथे ऊब होती, पण अन्न नव्हतं आणि टायफसची साथ होती. आईबाप मेलेली मुलं स्टेशनांवर सापडत होती.

अशा वेळी त्या मुलांच्या जवळचं, युद्धापासून लांब असलेलं आणि दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातलं मोठं शहर कोणतं? नकाशा पाहिला तर उत्तर मिळतं, मुंबई. मुंबईत पोलंडचे कॉन्सुल जनरल होते युजेनिउश बानासिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का भारतात पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत होत्या. या दोघांनी मुंबईत कपडे, घोंगड्या, औषधं आणि अन्न जमवलं. १९४१ च्या अखेरीस हा माल ट्रकांत भरून ताफा निघाला. क्वेट्टा, बलुचिस्तानचं वाळवंट, इराणमधलं झाहेदान, मग उत्तरेला मशहद आणि तिथून डोंगर ओलांडून सोव्हिएत हद्दीतलं अश्गाबाद. हिवाळा, कच्चे रस्ते आणि हजारो किलोमीटरचा प्रवास.

हा रस्ता खुला होता याचं कारण दयाळूपणा नव्हतं. २५ ऑगस्ट १९४१ ला ब्रिटन आणि रशियाने मिळून इराणमध्ये सैन्य घुसवलं होतं. रशियाला युद्धसामग्री पोहोचवायला वाट हवी होती. पूर्व इराणमधून जाणारा मार्ग त्यांपैकी एक होता. बलुचिस्तानातली क्वेट्टा ते झाहेदान ही रेल्वे पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून पुढे ढकलली गेली होती. मधल्या काळात तिचे इराणकडचे रूळ काढून टाकले होते, ते १९४२ मध्ये पुन्हा टाकले गेले, तेही युद्धासाठीच. म्हणजे बंदुकांसाठी मोकळ्या केलेल्या वाटेवरून घोंगड्या गेल्या. मदतीचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. मदतीसाठी म्हणून कोणी रस्ता बांधत नाही. कोणीतरी दुसऱ्याच कारणासाठी बांधलेला रस्ता ती वापरते, आणि तो रस्ता बंद होण्याआधी वापरते.

माझं कुंभवली गाव तारापूर एमआयडीसीला लागून आहे. इथल्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा, धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान कुठलं? तो सांगेल, रिकामं परतणं. जाताना भाडं मिळतं, येताना मिळालं नाही तर डिझेल अंगावर येतं. म्हणून माल उतरवला की तो रिटर्न भाडं शोधतो. अश्गाबादला घोंगड्या उतरवलेले ते ट्रकही रिकामे परतले नाहीत. ते मुलांना घेऊन आले.

१९४२ च्या वसंत ऋतूत दीडशेहून अधिक पोलिश मुलं त्याच वाटेने भारतात पोहोचली. बहुतेक अनाथ किंवा आईबापांची ताटातूट झालेली. त्यांच्याबरोबर हान्का ऑर्डोनुव्हना ही पोलंडची नामवंत गायिका आणि अभिनेत्री होती. ती स्वतः क्षयाने आजारी होती. पुढे तिने या भटक्या मुलांवर टोपणनावाने एक पुस्तक लिहिलं, ते १९४८ मध्ये बैरूतमध्ये छापलं गेलं. मुलांना आधी मुंबईत वांद्र्याला ठेवलं गेलं. नंतर नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या समुद्रकाठच्या बालाचडी इथे त्यांच्यासाठी छावणी उभी केली आणि पुढेही शेकडो मुलं तिथे राहिली. भारतातल्या इतर संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी खर्चाला हातभार लावला.

दार किती दिवस उघडं होतं

आता या गोष्टीतला नाका पाहू. ऑगस्ट १९४१ मध्ये दार उघडलं. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये पोलिश सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पण त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत पोलिसांनी पोलिश दूतावासाच्या मदत-प्रतिनिधींना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक करायला सुरुवात केली होती. हे प्रतिनिधी म्हणजे आलेला माल गावोगाव वाटणारे लोक. १९४३ च्या सुरुवातीला पोलिश अनाथालयं आणि मदतकेंद्रं सोव्हिएत सरकारने आपल्या ताब्यात घेतली आणि तिथे राहिलेल्या पोलिश लोकांना सोव्हिएत नागरिक ठरवलं. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडल्याचं जर्मनीने जाहीर केलं. पोलंडने चौकशीची मागणी केली. सोव्हिएत सरकारने संबंध तोडून टाकले. दार बंद.

म्हणजे सगळा मिळून पावणेदोन वर्षांचा काळ. त्यातही बाहेर पडायची वाट नीट उघडी होती ती जेमतेम वर्षभर. त्या काळात जे निघाले ते निघाले. जे एखाद्या लांबच्या सामूहिक शेतावर होते, ज्यांना बातमी उशिरा कळली, जे आजारी होते, ते मागे राहिले. बाहेर पडलेल्या आणि मागे राहिलेल्या माणसात पुण्य-पापाचा फरक नव्हता. फरक तारखेचा होता.

म्हणून बानासिन्स्की दांपत्याचं मोठेपण मला त्यांच्या कनवाळूपणात वाटत नाही. कनवाळू माणसं त्या काळी जगात पुष्कळ होती. यांचं मोठेपण हे की दार उघडल्यावर त्यांनी काही महिन्यांच्या आत ट्रक उभे केले. जागा नंतर ठरली, पैशाचे हिशेब नंतर जुळले, सरकारांची पत्रं येत-जात राहिली. पण ट्रक निघाला. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि हे दोघं परत गेले नाहीत, भारतातच राहिले. दुसऱ्यांच्या मुलांना घर शोधून देणारे स्वतःच्या घराला मुकले.

कोल्हापूरचं वळिवडे आणि बंगालची भूक

इराणमध्ये उतरलेल्या नागरिकांना तिथे कायम ठेवणं शक्य नव्हतं. त्यांना आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये आणि भारतात पाठवण्यात आलं. भारतातली सगळ्यात मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, मुख्यतः बायका आणि मुलं. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, इस्पितळ होतं. क्षयाचे रोगी पाचगणीला जात. कोल्हापूरच्या जुन्या पिढीला हे सगळं ठाऊक होतं. आज शहरातल्या महावीर उद्यानात त्याचं स्मारक आहे, आणि पोलंडच्या राजधानीतही वळिवडे-कोल्हापूरची आठवण सांगणारा फलक आहे.

इथे एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली असं मानलं जातं. एकाच देशात, एकाच सरकारच्या राज्यात, एका टोकाला परदेशी निर्वासितांना शिधा मिळत होता आणि दुसऱ्या टोकाला आपलीच माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर मरत होती. ‘आधी घरचं बघा’ असं म्हणणाऱ्याला यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं हवं?

पण नीट पाहिलं तर हे उदाहरण उलट बाजूने बोलतं. वळिवडेच्या वसाहतीचा खर्च मुख्यतः पोलंडच्या निर्वासित सरकारच्या खात्यावर होता. पाच हजार माणसांनी खाल्लेल्या भाकरीमुळे तीस लाख माणसं मरत नाहीत. बंगाल मेला तो वेगळ्या कारणांनी. ब्रह्मदेश जपानने घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून १९४२ मध्ये सरकारने किनारपट्टीतल्या नावा आणि तांदळाचे साठे काढून घेतले. भाव भडकले. प्रांतांनी आपापल्या हद्दी धान्यासाठी बंद केल्या. आणि दिल्लीहून लंडनकडे धान्याच्या जहाजांची मागणी गेली तेव्हा युद्ध मंत्रिमंडळाने ती पुरेशी मान्य केली नाही. म्हणजे बंगालमध्येही नाकाच आडवा आला. नाव नाही, जहाज नाही, प्रांताची हद्द बंद. ज्यांनी पोलिश मुलांना वाट दिली त्यांनी बंगालची वाट हिरावली, असा याचा अर्थ नाही. ज्या सरकारला एका ठिकाणी वाट काढता येते, त्याला ती दुसऱ्या ठिकाणीही काढता येत असते. काढली नाही, तर तो निर्णय असतो. परक्याला वाचवलं म्हणून आपला मरत नाही. दोघांनाही वाचवायची कुवत असताना एकाला सोडून दिलं जातं, म्हणून तो मरतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आजही लांबच्यासाठी कोणी शंभर रुपये काढले की त्याला जवळच्याची यादी वाचून दाखवली जाते. यादी वाचणारा स्वतः त्या यादीतल्या कोणासाठी काय करतो, हे मात्र कळत नाही. माझा अनुभव असा की लांबच्याला देणारे हात आणि जवळच्याला देणारे हात बहुधा तेच असतात. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या भागातल्या कारखान्यांचे परप्रांतीय कामगार अडकले, तेव्हा डाळ-तांदळाच्या पिशव्या कोण बांधत होतं ते मी पाहिलं आहे.

‘तुम्ही फक्त आपल्या लोकांसाठी रडता’ हा दुसरा टोमणा. १९१२ च्या पथकामागे धर्मबंधूंबद्दलची ओढ होती, हे नाकारण्याचं कारण नाही. १९३८ च्या पथकामागे साम्राज्यविरोधी राजकारण होतं. १९४१ च्या ट्रकांमागे एका परक्या कॉन्सुलची देशबांधवांबद्दलची ओढ होती. प्रत्येक मदत कुठल्या ना कुठल्या जवळिकीतून सुरू होते. प्रश्न ती कुठून सुरू झाली हा नाही, कुठपर्यंत गेली हा आहे. पोलंडची कॅथलिक मुलं मुस्लीम इराणमधून आली, हिंदू संस्थानिकाच्या घराजवळ राहिली. तिथपर्यंत गेली, हे पुरेसं आहे. कुरआनात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यात ‘इब्न-उस-सबील’ आहे, म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासी. त्या शब्दात त्याची जात किंवा देश विचारलेला नाही. तो वाटेवर आहे, एवढंच पाहिलं आहे.

कायदा आला, नाका राहिला

१९४९ मध्ये चौथा जिनिव्हा करार झाला. तो पहिल्यांदाच खास नागरिकांसाठी होता. त्याच्या तेविसाव्या कलमात लिहिलं आहे की शत्रूच्या नागरिकांसाठी असली तरी औषधं जाऊ द्यावीत, आणि पंधरा वर्षांखालील मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठीचं आवश्यक अन्न आणि कपडे जाऊ द्यावेत. पण त्याच कलमात अटीही आहेत. माल दुसरीकडे वळवला जाणार नाही, शत्रूला त्याचा फायदा होणार नाही, याची खात्री हवी. ती खात्री कोण ठरवणार? ज्याच्या हातात दार आहे तोच. म्हणजे कायद्याने जकात देणाऱ्याचा हक्क मान्य केला आणि जकात नाकाही जागेवर ठेवला.

याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण अफगाणिस्तानचं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथली सत्ता बदलली आणि हिवाळ्यात दोन कोटींहून अधिक लोक तीव्र उपासमारीच्या उंबरठ्यावर असल्याचा इशारा संयुक्त राष्ट्रांनी दिला. भारताने ऑक्टोबरमध्ये ५० हजार टन गहू देऊ केला. गहू होता, द्यायची इच्छा होती, घेणारा उपाशी होता. मध्ये पाकिस्तान होता. नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. मग ट्रक कोणाचे, चालक कोणत्या देशाचे, यावर बोलणी झाली. अखेर अफगाण ट्रक आणि अफगाण चालक असं ठरलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून ५० ट्रक २,५०० टन गहू घेऊन जलालाबादकडे निघाले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. अख्खा हिवाळा नाक्यावर गेला. पुढे या वाटेने सुमारे ४० हजार टन गहू गेला आणि नंतर मार्च २०२३ मध्ये भारताने इराणच्या चाबहार बंदरातून आणखी २० हजार टन पाठवण्याचं जाहीर केलं.

सीरियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. जुलै २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून दमास्कसच्या सरकारच्या परवानगीशिवाय चार सीमानाक्यांवरून मदत नेण्याची मुभा दिली. २०२० च्या जानेवारीत त्या चारांचे दोन झाले, जुलैत एकच उरला. भूक चौपट झाली की कमी झाली, याच्याशी या आकड्याचा संबंध नव्हता. तो मतांचा आणि नकाराधिकाराचा हिशेब होता.

आणि गाझा. २२ ऑक्टोबर २०२३ ला भारतीय हवाई दलाचं विमान सुमारे साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर साहित्य घेऊन इजिप्तमधल्या अल-अरीशला उतरलं. तिथून राफाह नाका सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे पालघरहून विरारला जाऊन थोडं पुढे. मे २०२४ मध्ये राफाहचा नाका बंद झाला. मार्च २०२५ च्या सुरुवातीपासून अकरा आठवडे कोणत्याच वाटेने अन्न आत जाऊ दिलं गेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेच्या यंत्रणेने अधिकृतपणे जाहीर केलं. सीमेच्या या बाजूला गोदामं भरलेली होती.

तेव्हा ‘दिलं तर पोहोचतं का?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं. पोहोचतं, पण आपल्या मनातल्या वेळेला नाही. दार उघडतं तेव्हा पोहोचतं. दार कधी उघडेल ते आपल्या हातात नसतं. ते उघडेल त्या दिवशी माल, गाडी, चालक आणि पलीकडे उतरवून घेणारा माणूस तयार असणं मात्र कोणाच्या तरी हातात असतं. म्हणून देताना भावनेच्या लाटेवर एकदाच देण्यापेक्षा, जी संस्था त्या देशात आधीपासून काम करते, जिचं गोदाम आणि माणसं दोन्ही बाजूंना आहेत, जी हिशेब देते, तिला नियमित देणं शहाणपणाचं. जुने कपडे गोळा करून कुठेतरी पाठवण्यापेक्षा तिला काय हवंय ते विचारणं शहाणपणाचं. आणि तितकंच महत्त्वाचं, दार उघडा असं म्हणत राहणंही मदतच आहे. पैसे काढणं हा जकातीचा एक अर्थ झाला. नाक्यावर बसलेल्याला जाब विचारणं हे दुसऱ्या अर्थाचं काम आहे. पहिलं करून दुसरं सोडलं, तर गहू पोत्यातच राहतो.

वळिवडेचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. १९४७ मध्ये फाळणी झाली. सिंधमधून उखडलेली कुटुंबं कोल्हापूरला येऊ लागली. पोलिश लोक एकेक करून निघून गेले, त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. ती वस्ती म्हणजे आजचं गांधीनगर, कोल्हापूरजवळची कापडाची मोठी बाजारपेठ. ज्या बराकी एका सीमेवरून आलेल्यांसाठी बांधल्या होत्या, त्या दुसऱ्या सीमेवरून आलेल्यांच्या उपयोगी पडल्या. परक्यासाठी केलेली सोय वाया गेली नाही. ती पुढच्या निर्वासिताला मिळाली, आणि या वेळी तो आपलाच होता.